तोफबाईंची बोलणी

मुलं बाईंना मागून 'तोफ' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. खाली वेल्डिंग शिकवणाऱ्या सरांना मुलं 'गोगलगाय' म्हणत. त्यापेक्षा तोफ केव्हाही बरी, निदान वाजते तरी.

धंदेशिक्षणाच्या शाळेच्या मागच्या अंगाला, वेल्डिंगच्या शेडवर बांधलेल्या लांबलचक खोलीत बाईंचा वर्ग भरायचा. संगणक उघडायचा, जोडायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा, असं शिक्षण. टेबलांवर पोट उघडं टाकून पडलेली मशीनं, बरण्यांच्या झाकणांत गोळा केलेले स्क्रू, खालून येणारा जळक्या लोखंडाचा वास. आणि या सगळ्यातून चष्मा कपाळावर चढवून, हात पाठीमागे बांधून फिरणाऱ्या बाई.

हात पाठीमागे का, तर बाईंचा नियम होता. मुलांच्या मशीनला त्या कधी बोट लावत नसत. "हात तुमचे, तोंड माझं," असं पहिल्याच दिवशी सांगून टाकत. मग वर्षभर मुलांचे हात चालत आणि बाईंचं तोंड चाले त्याला काही सुमारच नसे. एखाद्याने वायर न जोडताच बटण दाबलं की टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज यायचा, "वीज कुठून येणार, महाराज? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मुलगा असो की मुलगी, बाई सगळ्यांना महाराजच म्हणत. मूर्खपणात स्त्री-पुरुष भेद त्यांना मान्य नव्हता.

ही पद्धत त्यांनी काही पुस्तकात वाचलेली नव्हती. लग्नानंतर बाई एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागल्या. तिथल्या मालकांचे हात थरथरायचे, काही केल्या पेचकस धरता येत नसे. मग मालक स्टुलावर बसून नुसते बोलत आणि बाईंचे हात काम करत. बोलत म्हणजे काय, सोलून काढत. सुरुवातीला बाई मोरीत जाऊन रडायच्या. दुकानात ओळखीपाळखीची आणखी मुलं शिकायला यायची, त्यांना मात्र मालक "छान, छान" म्हणायचे. बाईंना वाटायचं, मीच मेली कपाळकरंटी. वर्षभराने त्यांच्या लक्षात आलं की 'छान' म्हटलेलं एकही पोर दुकानात टिकलेलं नाही. ज्याच्याबद्दल आशा सोडली त्याला म्हातारा छान म्हणत होता. तेव्हापासून त्या शब्दाची बाईंनी धास्तीच घेतली.

घरी तर शिक्षण चालूच होतं. सासूबाईंचं तोंड म्हणजे मालकांना चार गोष्टी शिकवेल असं. नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला, दिवसभर लोकांना "आता वाचा, खालची ओळ वाचा" म्हणून दमायचा आणि घरी आला की दोन बायकांच्या मध्ये "हं" एवढ्या एका शब्दावर संसार चालवायचा. चांगला माणूस होता.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. सलग दोन वर्षं बाईंची मुलं शेवटच्या परीक्षेत आपटली होती. वर्गात चांगली चालणारी मुलं, पण परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे, बिघडवून ठेवलेली मशीनं समोर टाकायचे, आणि बाईंना नियमाप्रमाणे दाराबाहेर उभं राहावं लागायचं. दार बंद झालं की आतले हात थांबायचे. पहिल्या वर्षी परीक्षक जाताना म्हणाले होते, "बाई, तुमची मुलं सारखी दाराकडे बघत बसतात." बाईंनी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षी तेच परीक्षक तेच म्हणाले, तेव्हा बाईंना रात्रभर झोप लागली नाही. हात मुलांचे होते हे खरं, पण तोंड बाईंनी एकटीनेच वापरलं होतं.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "यंदा तिसरं वर्ष. यंदाही असंच झालं तर वर्ग बंद. ती खोली मी केस कापायच्या वर्गाला देणार आहे."

"आणि मी?"

"तुम्हीही केस कापायला शिका," प्राचार्य म्हणाले. हा माणूस विनोद करत नसे, म्हणून बाईंना जास्तच झोंबलं.

त्याच महिन्यात प्राचार्यांनी उपाय आणला. उपाय अर्ध्या चड्डीत होता. एक तरुण पोरगा, पाठीवर पोतं, पायात सपाता. त्याची कंपनी म्हणे मोबाईलवर शिक्षणाचे खेळ बनवायची. मोबाईलच्या पडद्यावर उघडं मशीन दिसणार, मुलांनी बोटाने सुटे भाग उचलून जागेवर बसवायचे, चूक झाली की खेळातली बाई बोलणार. बाईंनी त्याचं नाव 'खेळवाला' ठेवलं आणि पहिल्या दिवसापासून त्याला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

खेळवाल्याला बाईंचा आवाज हवा होता. मेलेल्या मॉनिटरांच्या अडगळीच्या खोलीत त्याने बाईंना बसवलं, तोंडासमोर माईक धरला आणि हातात कागद दिला. कागदावर लिहिलं होतं, 'अरेरे, पुन्हा एकदा प्रयत्न करूया.' बाईंनी ते वाचलं. खेळवाल्याने ऐकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाला तरी श्रद्धांजली वाहताय असं वाटतंय. तुम्ही वर्गात बोलता ना, तसंच बोला."

"तसं नको रे बाबा. कंपनी बंद पडेल तुझी."

"बोला तर."

मग बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. रॅमची पट्टी उलटी लावणाऱ्याला "खाच कुठे आहे ते बघा महाराज, डोळे आहेत की बटणं?" प्रोसेसरवर पांढरी पेस्ट थापणाऱ्याला "पेस्ट लावताय की भिंतीला गिलावा करताय?" बिघाड एकीकडे आणि भलताच भाग बदलणाऱ्याला "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" स्क्रू उरला तर "तो तुमच्या डोक्यातला असेल, बसवून घ्या." खेळवाला पोट धरून हसत होता आणि 'अजून, अजून' करत होता. दुपार सरली तरी दारूगोळा संपेना.

शेवटी तो म्हणाला, "आता फक्त एक राहिलं. सगळं मशीन एकही चूक न करता जोडलं तर काय म्हणाल?"

पंखा फिरत होता, बाई माईककडे बघत होत्या, आणि काही सुचत नव्हतं. बरीच वाट पाहून त्यांनी कसंबसं एक वाक्य म्हटलं, माईक बाजूला सारला आणि "चहा मिळतो का इथे?" म्हणत उठल्या.

खेळ मुलांच्या मोबाईलवर आला. बाईंनी आपल्याही मोबाईलवर घेतला आणि घरी नवऱ्याला दाखवायला म्हणून रॅम मुद्दाम उलटी लावली. आतून बाई कडाडल्या. नवरा दचकून उभाच राहिला. आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या.

"डोळे आहेत की बटणं, हे माझं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू पहिल्यांदा चहात मीठ घातलंस तेव्हा मी म्हटलं होतं."

"असेल, आई."

"असेल काय, आहेच. आणि तो गिलावासुद्धा माझाच. पुढचं लाव बघू."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी खुर्ची ओढून सगळा खेळ ऐकला. निम्मी बोलणी स्वतःची म्हणून ओळखून काढली आणि उरलेल्यांना "ही जरा मिळमिळीत आहेत" असा शेरा दिला. नवरा म्हणाला, "हं."

पंधरवडा झाला आणि प्राचार्यांचं बोलावणं आलं. खेळात कोण किती चुकतं याचा हिशोब थेट त्यांच्या टेबलावर येत होता. तो बघून प्राचार्यांचा चेहरा पडला होता. अख्ख्या वर्गात एकानेही एक मशीन धड जोडलेलं नव्हतं. चुकांवर चुका, दिवसेंदिवस वाढत्या चुका. सगळ्यांत जास्त चुका एका मुलीच्या. मुलं तिला 'मांजर' म्हणत, कारण ती कधी आली, कधी गेली, कुणाला कळायचं नाही. "हो बाई" आणि "नाही बाई" यापलीकडे तिचा आवाज बाईंनीसुद्धा ऐकलेला नव्हता.

"जे खेळात पास होतील त्यांनाच परीक्षेला बसवणार," प्राचार्य म्हणाले.

"मग कुणीच बसणार नाही."

"निदान नापास तरी होणार नाहीत."

बाई तिथून निघाल्या त्या तणतणत. वर्ग जाणार, नोकरी जाणार आणि पोरांचं वर्ष जाणार, ते वेगळंच. इतकं घसा फोडून शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तशाच त्या जिन्याने वर चढत होत्या तर वरच्या पायऱ्यांवर वर्ग जमलेला. मुलं मोबाईलवर डोकी घालून बसलेली आणि मध्ये भोंगा. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मुलगा, कुजबुजला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचा.

"हार्ड डिस्कची वायर काढून पंख्याला लाव," भोंगा मांजराला सांगत होता. "नाही लागत? मग चालू मशीनमधून रॅम उपट. ते कुणी केलंय का?"

मांजराने काहीतरी केलं. मोबाईलमधून बाई गरजल्या, "चालत्या गाडीचं चाक काढताय? काढा, काढा, मागे बसलेल्यांना आधी उतरू द्या!" सगळा जिना हसून लोळला. भोंग्याने तर आनंदाने कठड्यावर डोकं आपटलं. नवीन सापडलं होतं म्हणे, आजवर कुणालाच न सापडलेलं.

बाई खालच्या वळणावर थिजल्या. पोरं चुकत नव्हती. पोरं बाईंची बोलणी गोळा करत होती. कोणत्या चुकीला कोणतं बोलणं पडतं हे शोधायला नवनव्या चुका रचत होती. आणि सगळ्यांत जास्त माल मांजराकडे होता.

पहिल्यांदा बाईंना राग आला. मग लाज वाटली, आपण काय तमाशातलं पात्र आहोत का म्हणून. पण त्या जागच्या हलल्या नाहीत, कारण वर वाद सुरू झाला होता. मशीन चालू होतं, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तर त्यामागे कोणकोणत्या चुका असू शकतात, यावरून पोरं हमरीतुमरीवर आली होती. भोंगा तीन सांगत होता. मांजराने बोटांवर मोजत हळूच आणखी दोन सांगितल्या. त्यातली एक बाईंनी कधी शिकवलेलीच नव्हती. बाईंनी मनातल्या मनात ताडून पाहिलं. बरोबर होती.

मग बाई वर चढल्या. पोरं ताडकन उठली.

"मूर्खांनो," बाई म्हणाल्या, "हे सगळं प्राचार्यांना दिसतंय. तुमच्या पोरखेळापायी तुम्हाला परीक्षेला बसू देणार नाहीत."

भोंगा म्हणाला, "सगळं बरोबर केलं तर काय होतं, बाई?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी काय वाजतं? आम्ही ऐकलंच नाही. आम्हाला वाटलं, कंपनीचं असेल काहीतरी. अभिनंदन बिभिनंदन."

"कंपनीचं नाही," बाई म्हणाल्या. "तेही माझंच आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. काय सांगावं, त्या पायऱ्यांवरच बसून अख्ख्या वर्गाने मशीन जोडलं. कुणीही एक चूक केली नाही. इतके दिवस सगळ्या चुकीच्या वाटा तुडवून झाल्यावर बरोबर वाट उरली होती तेवढीच. सगळ्यांत आधी मांजराचं झालं. तिने मोबाईल वर धरला आणि बाईंचा आवाज आला, पण तोफेचा नाही, भलताच हळू. "हं. यात मला काही सापडत नाहीये."

"एवढंच?" भोंग्याने विचारलं.

"एवढंसुद्धा मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि कारण नसताना चष्मा पुसायला लागल्या. मांजराने ते वाक्य परत एकदा लावलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य लालबुंद. काल सकाळपर्यंत शून्य असलेला वर्ग एका दुपारीत पैकीच्या पैकी. "ही सरळसरळ लबाडी आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना उत्तरं सांगितलीत."

"कंपनी तुमची, खेळ तुमचा, आकडे तुमचे," बाई म्हणाल्या. "शून्य आलं तेव्हा आकडे खरे, शंभर आले की खोटे? मग वरच्या साहेबांना कळवून टाका, आपण खोटा खेळ विकत घेतला म्हणून. कळवू का मीच?"

प्राचार्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. मुलं परीक्षेला बसली.

परीक्षेच्या दिवशी तेच परीक्षक आले. टापटीप माणूस, गळ्यात लाल फितीला लटकवलेलं ओळखपत्र, त्याला चिमट्याएवढी लोखंडी कडी. त्यांनी बाईंना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दाराच्या काचेला आतून रंग फासलेला. बाई काचेला कान लावून उभ्या राहिल्या. लाज कसली त्यात, प्राचार्यांनी पाहिलं असतं तर सांगितलं असतं, कान दुखतोय, गार लावतेय.

आत आवाजच नव्हता. दर वर्षीसारखाच. आता हात थांबले असतील, आता माना दाराकडे वळल्या असतील. बोलायला तोंड शिवशिवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याला त्या थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यासारखं बोलण्यापलीकडे काही जमलंच नाही. तो बिचारा मेला आणि त्याच्यामागे दुकानही बंद पडलं होतं.

मग एक मशीन सुरू झाल्याचा सूर आला. मग दुसऱ्याचा. कुठेतरी स्क्रू पडला आणि कुणीतरी पुटपुटलं. बाईंना शब्द कळले नाहीत, पण चाल कळली. ती सासूबाईंची होती.

आणि मग, अगदी स्पष्ट, एका मुलीचा आवाज आला. बाईंनी तो एवढा मोठा कधी ऐकलाच नव्हता, म्हणून मांजराचा आहे हे ओळखायला क्षणभर लागला.

"साहेब, मागे व्हा. ते गळ्यातलं आधी काढा. मशीन चालू आहे. परीक्षा मशीन जोडायची आहे, तुमची मान सोडवायची नाही."

आत मशीनांचे सूर तेवढे चालू राहिले. खाली वाकून तपासताना परीक्षकांची ती कडी उघड्या बोर्डावर लोंबली असणार. टेकली असती तर बोर्ड जळला असता, आणि पंख्यात फीत गेली असती तर साहेबांची मान. पण म्हणून काय परीक्षकाला असं बोलायचं? या एका वाक्यावर तिचं वर्ष जाणार, आणि वर्गही जाणार. आणि त्याच वेळी बाई मनातल्या मनात आपली सगळी बोलणी चाळत होत्या, मालकांची, सासूबाईंची, स्वतःची. हे त्यात नव्हतं. हे आपल्याला का नाही सुचलं म्हणून बाईंना चक्क हेवा वाटला.

दार उघडलं. परीक्षक बाहेर आले. ओळखपत्र फितीसकट मुठीत होतं आणि चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"त्या मुलीला हे बोलायला तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणावं तर दोष आपल्यावर येईल, मुलगी सुटेल. बाईंनी तोंड उघडलं, पण खोटं बोलणं जमलं नाही. "नाही साहेब," त्या म्हणाल्या. "ते तिचं स्वतःचं आहे. आणि बरोबर आहे."

परीक्षकांनी मान हलवली. "बरोबर आहे म्हणूनच मागे झालो. सगळी मशीनं चालू झालीत, बाई. सगळे पास." मग जाता जाता थांबले. "मी तिसऱ्यांदा येतोय इथे. आज एकानेही दाराकडे बघितलं नाही."

बाईंनी सवयीने हात पाठीमागे बांधले. त्या तशाच काचेशी उभ्या राहिल्या. आत पोरं एकमेकांवर ओरडत मशीनं बंद करत होती.